आईचे गुडघे, निर्गुंडीचं तेल आणि टेंबलाईच्या पायऱ्या

मंगळवारपेठकर | १८ जुलै, रात्री १०:१२

परवा आमच्या गल्लीतनं आषाढातलं नदीचं नवं पाणी टेकडीवरच्या टेंबलाई देवीला गेलं. पी ढबाक वाजवणारा ताफा दारावरनं पुढं सरकला आणि आई खिडकीतच बसून राहिली. लग्न होऊन पेठेत आल्यापासून तिनं एक आषाढ चुकवला नव्हता. मी म्हटलं, रिक्षानं जाऊया की. तर म्हणाली, "रिक्षातनं उतरल्यावर पायऱ्या कोण चढणार, तू?"

वय ७१, वजन ७८ किलो, उंची पाच फूट एक इंच. बीपीची गोळी चालू, साखर काठावर. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. जिना उतरताना कठडा धरून आडवी होते, एका पायरीवर दोन्ही पाय टेकले की मगच पुढची. पाटावर बसून पूजा करणं दोन वर्षांपूर्वीच सुटलं, आता देव्हाराच टेबलावर आलाय. एक्स-रे बघून हाडाचे डॉक्टर म्हणाले, झीज बरीच आहे, ग्रेड तीन. आज ना उद्या गुडघा बदलावा लागेल, पण घाई नाही. गोळ्या दिल्या, त्यांनी पोटात आग पडायला लागली.

मग घरातला प्रत्येकजण डॉक्टर झाला. आत्या म्हणते बिब्बा लाव. शेजारच्या काकू मेथीचे लाडू देऊन गेल्या. मामानं कुठनं तरी एक पुडी आणलीय, "सात दिवसांत पळायला लागंल" म्हणे. आई स्वतः निर्गुंडीचा पाला तव्यावर गरम करून बांधते. तेवढ्यानं रात्री झोप लागते, असं तिचं म्हणणं.

तर आयुर्वेदातलं, झाडपाल्यातलं नक्की काय उपयोगी पडतं? स्वतः केलेलं किंवा घरात बघितलेलं सांगा. व्हॉट्सॲपवरचं नको, ते माझ्याकडं पोतंभर आहे.

गुऱ्हाळवाला | १८ जुलै, रात्री १०:२०

पुडीवाला मामा सख्खा का चुलत, ते आधी कळू दे.

आजऱ्याची_लेक | १८ जुलै, रात्री ११:०५

निर्गुंडीचं तेल आमच्याकडं आजी करायची, आता मी करते. कृती लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

ओढ्याकाठची निर्गुंडी आणायची. एका देठाला तीन नाहीतर पाच पानं, पाठीमागनं पांढुरकी, चुरगाळली की नाकात जाणारा उग्र वास. शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून आमच्याकडं बांधाला कुंपण म्हणून लावतात. पाला धुऊन वाटायचा. वाटलेला गोळा एक वाटी, तिळाचं तेल चार वाट्या आणि पाल्याचा रस सोळा वाट्या, असं माप. सोळा वाट्या रस म्हणजे पोतंभर पाला लागतो, त्यामुळे आजी रसाऐवजी काढा घालायची. पितळेच्या पातेल्यात मंद आचेवर तीन-चार तास. मध्येमध्ये ढवळायचं, नाहीतर गोळा तळाला धरतो आणि मग सगळ्या तेलाला करपट वास.

झालं कसं ओळखायचं? आधी पाण्याचा चरचर आवाज थांबतो. मग तेलावर फेस येतो. तेव्हा तळातला पाला चिमटीत घेऊन बोटांत वळायचा. त्याची वात वळली पाहिजे. ती वात दिव्यावर धरायची, तडतडली तर पाणी आहे, अजून ठेवा. गप जळली तर उतरवा. आजीचं हे सगळं अंधाऱ्या स्वयंपाकघरात, घड्याळ न बघता चालायचं.

गुडघे बरे झाले का? नाही. आजी शेवटपर्यंत लंगडतच होती. पण संध्याकाळी तेल लावून वर गरम फडकं गुंडाळलं की रात्रभर कण्हायची नाही.

सरळसोट | १९ जुलै, सकाळी ७:३१

कृती छान, वाचताना वास आला. पण एक विचारू? झोप निर्गुंडीनं लागत होती, चोळण्यानं, का गरम फडक्यानं? साधं रिफाइंड तेल कोमट करून चोळलं असतं तर?

आजऱ्याची_लेक | १९ जुलै, सकाळी ८:०२

रिफाइंडमध्ये तुम्ही भजी तळा.

पण प्रश्न चुकीचा नाही. चोळणारा हात मी होते, दहावीला असताना रोज पंधरा मिनिटं. त्याचा वाटा किती आणि पाल्याचा किती, ते आजीलाही सांगता आलं नसतं.

वैशाली_कळंबा | १९ जुलै, सकाळी ९:४४

मंगळवारपेठकर, बाकी सगळं राहू द्या, आधी ती पुडी बाजूला काढा.

आमच्या सासऱ्यांनी आठवडी बाजारातल्या एकाकडनं अशीच पुडी आणली होती. राखाडी पावडर, वर्तमानपत्राच्या कागदात, नाव नाही गाव नाही. "शुद्ध जडीबुटी, काही अपाय नाही." तिसऱ्या दिवशी गुडघा दुखायचा थांबला. खोटं नाही सांगत, माणूस खरंच जोतिबाला जाऊन आला. आम्ही चार ओळखीच्यांना पत्ता दिला, आज लाज वाटते.

दोन महिन्यांत चेहरा गोल झाला, गाल वर आले. आम्ही म्हणायचो, तब्येत सुधारली. दंडाला कुठं हलकं लागलं तरी काळंनिळं व्हायचं. साखर कधीच नव्हती, ती ३४० निघाली. फिजिशियननी एकच विचारलं, "पुडी घेताय का?" त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यात स्टिरॉइड होतं. घाबरून आम्ही त्याच दिवशी पुडी बंद केली, तर चौथ्या दिवशी उलट्या, चक्कर, बीपी खाली, थेट ॲडमिट. बाहेरनं स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. ते डॉक्टरांच्या हाताखाली हळूहळू उतरवावं लागतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मंगळवारपेठकर | १९ जुलै, सकाळी १०:२०

ऑफिसमधनं फोन करून आईला विचारलं. मी समजत होतो पुडी कपाटात आहे. मामानं दुसरी थेट तिच्या हातात दिलेली, चार दिवस घेतलीय. "म्हणूनच तर परवा खिडकीपर्यंत चालत गेले" म्हणते.

चुलत नाही हो गुऱ्हाळवाले, सख्खा.

वैद्य_प्राजक्ता | १९ जुलै, दुपारी २:१५

मी बीएएमएस, शाहूपुरीत प्रॅक्टिस करते. चार दिवसच झालेत, तर पुडी आजच बंद करा आणि साखर, बीपी तपासून घ्या. महिनोन्महिने घेणाऱ्यांनी मात्र वैशालीताईंनी लिहिलंय ते लक्षात ठेवायचं, परस्पर बंद करायची नाही. आणि आयुर्वेदिक औषध म्हणजे नाव नसलेली पुडी नव्हे. कायदेशीर औषधाच्या लेबलवर घटक, परवाना क्रमांक, बॅच, मुदत हे सगळं छापलेलं असतं. नसेल तर ते आयुर्वेद म्हणून विकलेलं काहीतरी आहे.

आता मूळ प्रश्न. लोक विचारतात "गुडघ्यावर कोणतं तेल?" मी आधी विचारते, कोणता गुडघा?

उतारवयात वात वाढतो, सांध्यातलं वंगण कमी होतं, कुरकुर आवाज, हलवताना दुखणं, हा संधिगत वात. चरकांनी याचं वर्णन करताना सुजेचा स्पर्श वाऱ्यानं भरलेल्या कातडी पिशवीसारखा सांगितलाय, गुडघा दाबून बघितला की पटतं. आजचे डॉक्टर ज्याला ऑस्टिओआर्थरायटिस म्हणतात, त्याच्याशी हे बरंच जुळतं. इथं तेल, शेक, जानुबस्ती (गुडघ्यावर कोमट तेल धरून ठेवणं), गुदमार्गानं द्यायची औषधी बस्ती, गुग्गुळाचे कल्प, महारास्नादि काढा असं काम चालतं.

आमवात वेगळा. त्यात बोटांचे, मनगटांचे छोटे सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात, सकाळी उठल्यावर तासाभराहून जास्त वेळ आखडलेले राहतात, अंगात कसकस असते, भूक जाते. झिजेच्या गुडघ्याची सकाळची आखड बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटते. आमवातात आम, म्हणजे न पचलेला दोष, असेपर्यंत तेल चोळायचं नाही, असं आमचं शास्त्रच सांगतं. तिथं कोरडा शेक, वाळूची पुरचुंडी, सुंठ, एरंडेल. घरोघरी नेमकं उलटं होतं: सांधा सुजला की आण तेल, चोळ दाबून. मग सूज वाढते आणि आयुर्वेदाला नावं ठेवतात. आमवाताचा संशय असेल तर रक्त तपासून सांध्यांच्या तज्ज्ञाला दाखवणं टाळू नका, तिथं उशीर झाला तर सांधे वाकडे होतात.

तिसरा वातरक्त. रात्रीत अंगठा किंवा गुडघा लाल, गरम, पांघरूणसुद्धा सोसत नाही. युरिक ॲसिड बघावं लागतं.

तुमच्या आईंचं वर्णन पहिल्यासारखं वाटतंय, पण एवढ्यावरून औषध सांगणार नाही. आणि पावसाळ्यात दुखणं वाढतं हा त्यांचा भ्रम नाही. आमच्याकडे वर्षा ऋतू हा वाताच्या प्रकोपाचा काळ, बस्तीसाठी आम्ही हेच दिवस धरतो.

गुऱ्हाळवाला | १९ जुलै, दुपारी २:४०

वाळूची पुरचुंडी? ताई, पंचगंगेत वाळू राहिलीय कुठं. बांधकामाला मिळंना, गुडघ्याला कोण देणार.

लाल_मातीतला | १९ जुलै, सायंकाळी ६:५०

आमच्या तालमीत वस्ताद हायत, वय ७६. आजबी सकाळी हौद्याकडेला खुर्ची टाकून बसत्यात. तरणेपणी हजार-हजार बैठका मारलेला गडी. एक गुडघा कुस्तीत गेला, दुसरा त्याची भरपाई करून करून गेला. तालमीत मालीश करणारी पोरं तेल कोमट करत्यात, मांडीपासनं खाली वडत आणत्यात, पण गुडघ्याच्या वाटीवर कुणी जोर लावत न्हाई. वस्ताद म्हणत्यात, "वाटीला हात लावायचा न्हाई, मांडीला लावायचा. गुडघा मांडीवर उभा असतोय."

मातीत आम्ही हळद, ताक, लिंबू, तेल घालतो. वस्तादांना विचारलं, माती बांधली तर गुडघा बरा हुतो का? हसले. म्हणाले, "बरा होत असता तर मी खुर्चीत बसलो असतो व्हय?"

फिजिओ_कोल्हापूर | १९ जुलै, रात्री ८:१८

वस्तादांना माझा नमस्कार सांगा. गुडघा मांडीवर उभा असतो, हे वाक्य माझ्या क्लिनिकच्या भिंतीवर लावतोय.

मांडीच्या पुढचा स्नायू दुबळा झाला की प्रत्येक पावलाचा दणका थेट सांध्यात जातो. दुखतं म्हणून माणूस चालत नाही, चालत नाही म्हणून स्नायू वितळतो, मग आणखी दुखतं. यातनं बाहेर काढणारं तेल अजून निघालेलं नाही.

घरी सुरुवात अशी करा. पाय लांब करून पलंगावर बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती गुडघ्यानं खाली दाबायची. पाच-सहा आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, दिवसातनं तीनदा. दाबताना मांडीवर हात ठेवून बघा, स्नायू टणक झाला पाहिजे. आठवड्यानं पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं, मग उंच खुर्चीतनं हात न टेकता उठणं. थोडं दुखेल ते चालेल, दुसऱ्या दिवशी सूज आली तर जास्त झालं.

काठी. उजवा गुडघा जास्त दुखतो ना? मग काठी डाव्या हातात. दहातले आठजण दुखऱ्या बाजूलाच धरतात. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

आणि वजन. एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. ७८ चे ७४ झाले तर काय होईल याचा हिशेब करा. मग शेजारच्या काकूंचे मेथीचे लाडू परत करा.

आजऱ्याची_लेक | १९ जुलै, रात्री ८:३०

मेथी कडू, लाडू गोड, काकू प्रेमळ. परत कसे करायचे? एका लाडवात तूप, गूळ, डिंक किती असतो ते बाळंतिणीला विचारा. सत्तरीतल्या, साखर काठावर असलेल्या बाईला ते बाळंतपणाचं खाणं कशाला? मेथीच हवी तर रात्री चमचाभर भिजवा, सकाळी चावा.

रस्सामंडळ | १९ जुलै, रात्री ९:५५

सगळे झाडपाल्यावरच अडकलेत. पाया सूप कुणी काढलंच नाही. बोकडाचे चार पाय, रात्रभर शिजवा, वर पांढरा रस्सा. गार झाल्यावर त्याची जेली होते बघा, तेच गुडघ्यातलं वंगण.

सरळसोट | १९ जुलै, रात्री १०:१०

ती जेली पोटात गेल्यावर पचते हो, सरळ गुडघ्यात जात नाही. नाहीतर मेंदू खाऊन कोल्हापुरात किती हुशार लोक झाले असते.

रस्सामंडळ | १९ जुलै, रात्री १०:१२

झालेतच की. तुम्हाला माहीत नाही.

वैद्य_प्राजक्ता | १९ जुलै, रात्री १०:४०

युरिक ॲसिड वाढलेल्यांनी हा रस्त्यावरचा सल्ला ऐकू नये. आमच्याकडे मटण कमी करा म्हटलं की पेशंट वैद्य बदलतो, मटण नाही.

सरळसोट | २० जुलै, सकाळी ७:१५

मी औषधांच्या दुकानात बावीस वर्षं काढली, दोन्ही शेल्फांवरचा माल विकलाय. खिल्ली उडवतो म्हणून राग नसावा, जे थोडंफार तपासलं गेलंय ते सांगतो.

शल्लकी, म्हणजे आपला सालई. विदर्भात, सातपुड्यात ही झाडं आहेत, त्याच्या डिंकाचा धूप जाळतात. सांध्यांच्या झिजेवर पोटात घ्यायच्या वनस्पतींचा, झालेल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१४ मध्ये आला, त्यात सालईच्या अर्कानं वेदना थोडी कमी होते असं दिसलं. थोडी. जाहिरातीतली आजी दोरीच्या उड्या मारते तशी नाही.

हळद. त्याच वर्षी थायलंडमधल्या एका चाचणीत ३६७ रुग्णांना चार आठवडे एकतर हळदीचा अर्क, नाहीतर आयबुप्रोफेन दिलं. दुखणं दोन्हींनी सारखंच उतरलं, पोटाच्या तक्रारी हळदवाल्यांत कमी. पण तो अर्क होता, रोज दीड ग्रॅम. दुधात चिमूटभर टाकून तो परिणाम मागू नका. दुसरीकडे, मिरीचं सत्त्व घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलनं काहीजणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या कॅप्सूल नकोत. आमटीतली हळद खा बिनधास्त, सांगली जवळ आहे.

गुग्गुळ घेताना कुणाला जुलाब होतात, कुणाच्या अंगावर पुरळ येतं. आणि राजस्थान-गुजरातेतलं ते झाड आता नष्ट व्हायच्या काठावर आहे, त्यामुळे भेसळीला ऊत. गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताच्या इजेचे रुग्ण नोंदवले, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. माझं म्हणणं एवढंच की झाडाचं आहे म्हणून निरुपद्रवी, हे डोक्यातनं काढा. बिब्बाही झाडाचाच आहे.

मंगळवारपेठकर | २० जुलै, सकाळी ९:०३

बिब्ब्याचा विषय निघालाच आहे तर: आत्यानं स्वतःच्या गुडघ्यावर लावून "बघ, मला काही झालं नाही" म्हणून दाखवलं होतं परवा. आज गुडघ्यावर रुपयाएवढा फोड आहे. खोबरेल लावून बसलीय आणि म्हणते, वात बाहेर पडतोय.

गुऱ्हाळवाला | २० जुलै, सकाळी ९:१०

वात न्हाई, कातडं बाहेर पडतंय. दवाखान्यात न्या.

रस्सामंडळ | २० जुलै, सकाळी ११:३०

मग मिरचीचं काय? लवंगी मिरची वाटून लावली तर? हसू नका, मेडिकलमध्ये मिरचीचं मलम बघितलंय मी.

सरळसोट | २० जुलै, सकाळी ११:४२

बरोबर बघितलंय. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम गुडघ्याच्या दुखण्यावर वापरतात. सुरुवातीला आग होते, रोज लावत राहिलं की वेदना कळवणाऱ्या नसा थंडावतात. पण त्यात मात्रा ठरलेली असते. घरची मिरची वाटून लावाल तर आत्याशेजारी खाट टाकावी लागेल. आणि तो हात डोळ्याला लावू नका.

सातारकर_पुण्यात | २० जुलै, दुपारी १:२५

कोल्हापुरी चपलेचा काही संबंध असेल का? कडक तळवा, गादी नाही. माझे काका चाळीस वर्षं तीच घालतात आणि दोन्ही गुडघे गेलेत.

गुऱ्हाळवाला | २० जुलै, दुपारी १:३१

त्यांचा करकर आवाज चपलेचा येतो का गुडघ्याचा, आधी ते बघा.

फिजिओ_कोल्हापूर | २० जुलै, दुपारी ३:०५

चपलेला फाशी देऊ नका. सपाट पायताण गुडघ्याला उंच टाचेपेक्षा बरंच बरं. भीती घसरण्याची आहे. नवी कातडी चप्पल ओल्या फरशीवर म्हणजे साबण. सत्तरीत पडून खुबा मोडला तर गुडघ्याचं दुखणं परवडलं म्हणाल. पावसाळ्यात मागून पट्टा असलेली रबरी चप्पल घ्या, रुबाब दिवाळीला.

निवृत्तमास्तर | २० जुलै, सायंकाळी ५:४०

माझे वय ७४. दोन्ही गुडघे बदललेले आहेत, म्हणून चार शब्द लिहितो.

शस्त्रक्रियेपूर्वी सहा वर्षे मी आयुर्वेदाचे उपचार घेतले आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. जानुबस्ती सर्वांत सुखाची. उडदाच्या पिठाची घट्ट कणीक मळून गुडघ्याभोवती तिची पाळी करतात, विहिरीच्या कठड्यासारखी. आत कोमट तेल ओततात. ते निवत आले की कापसाने टिपून काढतात, पुन्हा गरम ओततात. अर्धा तास तसे पडून राहायचे. पाळीतून तेल झिरपून मांडीखाली ओघळ आला की परिचारिका पिठाचा ठिपका लावून भोक बुजवायची. पंधरा दिवसांच्या एका आवर्तनानंतर दोन-तीन महिने मी रंकाळ्यावर फिरू शकत असे. पहिल्या वर्षी तीन महिने, चौथ्या वर्षी तीन आठवडे. सहाव्या वर्षी तेल गरम असेपर्यंतच.

तेव्हा समजलो की आता उपचार नव्हे, मी केवळ सवय जपतो आहे. रात्री झोप नाही, पाय धनुष्यासारखा वाकलेला, घरातल्या घरात भिंत धरून चालायचे. २०१९ मध्ये शस्त्रक्रिया केली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली होती. कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा गुडघा करांखेरीज ५४,७२० रुपयांवर आला, आधी तोच दीड लाखाच्या पुढे होता. अर्थात रुग्णालयाचे बिल वेगळे, ते कोणी मर्यादित केले नाही.

आता चालतो, जिना चढतो. मांडी घालून बसता येत नाही. नातीच्या बारशाला मी एकटा खुर्चीवर, न्यायाधीशासारखा. शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम टाळणाऱ्यांचे नवे गुडघेही आखडलेले मी पाहिले आहेत. मंगळवारपेठकर, मातुःश्रींना विचारा, रात्री दुखण्याने जाग येते का? माझ्या निर्णयात त्या प्रश्नाचा वाटा एक्स-रेपेक्षा मोठा होता.

वैद्य_प्राजक्ता | २० जुलै, रात्री ९:२०

मास्तर, हे इतकं प्रामाणिक लिहिल्याबद्दल आभार. जानुबस्तीनं झिजलेली कूर्चा परत येते असं कुणी सांगितलं तर उठून या, मी स्वतः सांगते. तिचं काम दुखणं आणि आखड कमी करण्याचं, म्हणजे तेवढ्या काळात माणूस व्यायाम करू शकेल. मी फिजिओकडे पाठवते तेव्हा काही पेशंट नाराज होतात, "तुम्ही तर वैद्य ना?" म्हणून.

एक सूचना राहिली. जुना मधुमेह असेल तर पायाची जाणीव कमी झालेली असते. शेक देताना गरम किती आहे ते देणाऱ्यानं स्वतःच्या हातावर बघायचं. "सोसतंय" या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही.

लाल_मातीतला | २१ जुलै, सकाळी ६:१०

वस्तादांना फिजिओचा नमस्कार सांगितला. भिंतीवर वाक्य लावलं तर खाली नाव घाला म्हणालेत.

मंगळवारपेठकर | १४ सप्टेंबर, रात्री ९:३०

दोन महिन्यांनी येतोय. व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) चारजणांनी विचारलं, म्हणून हा लेखाजोखा.

पुडी त्याच दिवशी गेली. साखर थोडी वर होती, पंधरा दिवसांनी मूळ जागेवर आली. पुडी बंद झाल्यावर दुखणं परत उसळलं आणि आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मामा अजून बोलत नाही. आत्याचा फोड भरला, डाग राहिला.

वैद्यांना दाखवलं, निदान झिजेचंच. औषधांची यादी लिहीत नाही, कुणीतरी तीच आपल्या आईला देईल. जानुबस्तीचं एक आवर्तन झालं. हाडाच्या डॉक्टरांना सांगूनच केलं. त्यांनीही नको म्हटलं नाही, पोटात घ्यायच्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेऊ नका, दुखेल तेव्हा लावायचं मलम वापरा म्हणाले.

व्यायामावरनं रोज भांडण. "टॉवेल दाबून कुणाचे गुडघे बरे झालेत?" मग मी वस्तादांचं वाक्य सांगितलं. माझं ऐकलं नाही, फिजिओचं ऐकलं नाही, पण ७६ वर्षांचा पैलवान म्हणतोय म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासनं टॉवेल दाबायला लागली. आता मालिका लागली की जाहिरातीच्या वेळात पाय उचलते, मी न सांगता. वजन ७५ वर आलंय. काठी डाव्या हातात धरायला एक महिना लागला, घाईत अजून उजव्यात जाते.

मास्तर, रात्री दुखण्यानं जाग येते का, ते विचारलं. येते म्हणाली, आठवड्यातनं एक-दोनदा, आधी रोज यायची. म्हणून ऑपरेशनचं या वर्षी नाही. पुढच्या वर्षीचं माहीत नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी लवकर टेंबलाईला नेलं. नवरात्र तोंडावर आलंय, ललिता पंचमीच्या गर्दीत तिला नेणं शक्य नाही, म्हणून आधीच. चांगला पाय, मग दुखरा, मग काठी. तीन ठिकाणी थांबली. एकदा बसली ती पाच मिनिटं उठलीच नाही, मला वाटलं आता उचलून न्यावं लागतंय. वर गेल्यावर देवीला काय म्हणाली माहीत नाही, मला मात्र म्हणाली, "उतरताना कुठला पाय आधी, ते विसरले."

घरी आल्यावर रात्री गुडघा सुजला होताच. निर्गुंडीचा पाला तिनं स्वतः तव्यावर टाकला.

सरळसोट | १४ सप्टेंबर, रात्री ९:५२

दुखरा आधी. आणि पाला चालू राहू दे, मी काही म्हणत नाही.

गुऱ्हाळवाला | १४ सप्टेंबर, रात्री १०:०१

मामाला दिवाळीला बोलवा. फराळ पुडीत बांधून द्या.

मंगळवारपेठकर | १४ सप्टेंबर, रात्री १०:१५

आजऱ्याच्या ताई, एक काम होतं. ज्या ओढ्याकाठनं आई पाला आणायची, तिथं आता काँक्रीट झालंय. गच्चीत कुंडीत निर्गुंडी लागते का?

आजऱ्याची_लेक | १४ सप्टेंबर, रात्री १०:२२

लागते की. बी शोधत बसू नका, फांदी रोवा. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, दोन डोळे मातीत जातील अशी. कुंडी मोठी घ्या, नाहीतर वर्षात मुळं बाहेर येतात. शनिवारी कोल्हापुरात आहे, येताना चार-पाच फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणते. रंकाळा स्टँडला या, आणि आईंना सोबत आणू नका, तिथला जिना उंच आहे.